बाणाच्या समोर कोण उभं आहे?

धुळे,
चैत्र वद्य पंचमी

चि. वैदेही हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट पोचली. तुझ्या आजीनं ती माझ्याआधी वाचली आणि ‘तुनी गोट भारी शे’ एवढा निकाल देऊन ती आपल्या कामाला लागली. मला मात्र जरा लांबलचक उत्तर द्यायचं आहे. एकवीरेची जत्रा नुकतीच उलगली आहे, देवपुरातला गलबला थांबला आहे, तेव्हा लिहायला स्वस्थता आहे.

गोष्ट धरणगावची, साल १८३०. लष्करी छावणीतला एक माजोरी गोरा साहेब सातपुड्यातल्या रामा नावाच्या भिल्ल पोराला पकडतो. बहीण पारू हिच्या डोक्यावर कैरी ठेवतो आणि म्हणतो, चाळीस पावलांवरून एका बाणात ती उडवलीस तर दोघं सुटाल. रामा तीर-कामठा उचलतो, श्वास रोखतो, कैरीच्या दोन फाका होतात. साहेब खजील होतो, भाऊबहीण डोंगरात निघून जातात. गोष्ट वेगवान आहे आणि भाषा तुझी आहे. पण तुमच्या मास्तरांनी समासात ‘जुनी क्लृप्ती’ असा शेरा मारला म्हणून तू हिरमुसलीस आणि मला विचारलंस, की जुनं म्हणजे वाईट का?

जुनं आहे, यात शंका नाही. स्वित्झर्लंडच्या विल्हेल्म टेलची गोष्ट तुला ठाऊक असेलच. आल्टडॉर्फ गावात गेस्लर नावाचा जुलमी अधिकारी आपली टोपी खांबावर टांगतो, तिला मुजरा न करणाऱ्या टेलला पकडतो आणि त्याच्याच मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद उडवायला लावतो. परंपरा ही घटना १३०७ सालची मानते, पण ती लिहिलेली सापडते ती त्यानंतर दीडेकशे वर्षांनी. त्याच्याही आधी, साधारण १२०० साली, साक्सो ग्रामॅटिकस या डेन्मार्कच्या इतिहासकारानं टोको नावाच्या तिरंदाजाची हीच गोष्ट लिहून ठेवली आहे. टोको दारूच्या बैठकीत आपल्या नेमाची फुशारकी मारतो. राजा हॅरल्डच्या कानावर ते जातं आणि तो म्हणतो, मग पोराच्या डोक्यावरचं फळ पाड. म्हणजे तुझ्या कैरीची थोरली बहीण निदान आठशे वर्षांची आहे.

आठशे वर्षं एखादी क्लृप्ती टिकते ती उगाच नाही. लिहिणाऱ्याला ती फार सोयीची पडते. कौशल्य दाखवायला एरवी पानं खर्ची घालावी लागतात. इथं ते एका क्षणात सिद्ध होतं. निकाल ताबडतोब लागतो, आणि तो पंचानं सांगावा लागत नाही. शिवाय नुसत्या लाकडी फळीवर नेम मारला तर वाचक जांभई देतो, पण फळीच्या जागी माणूस उभा केला की तोच वाचक श्वास रोखतो. सगळी किमया त्या उभ्या केलेल्या माणसाची आहे. आणि गंमत बघ, गोष्ट संपल्यावर लक्षात राहतो तो मारणारा. उभा राहिलेला विसरला जातो. तुझ्या मास्तरांचा आक्षेप जुनेपणाला आहे. माझा आक्षेप वेगळा आहे: तुझी पारू पूर्ण दोन पानं डोक्यावर कैरी घेऊन उभी आहे आणि तिच्या तोंडी तू एक शब्दही दिलेला नाहीस.

जुन्या सांगणाऱ्यांना हे भान होतं. साक्सोचा टोको बाण सोडण्याआधी मुलाला बाजूला घेऊन समजावतो, की बाणाचा सणाणा ऐकू आला तरी मान हलवू नकोस. मग त्याचं तोंड दुसरीकडे वळवून उभं करतो, म्हणजे येणारा बाण दिसून तो दचकायला नको. शिलरनं १८०४ साली टेलवर नाटक लिहिलं, त्यात तर मुलगाच म्हणतो की मला बांधू नका, डोळे झाकू नका, मी हलणार नाही. शिलरला कळलं होतं, की या प्रसंगात शूर माणसं दोन आहेत आणि त्यांतला एक लहान आहे. टोको काय किंवा टेल काय, दोघंही भात्यातून जादा बाण काढून ठेवतात. कशासाठी, असं विचारल्यावर सांगतात, की पोराला लागला असता तर पुढचा तुझ्यासाठी होता. गोष्टीचा खरा राग तिथं आहे. नेमबाजीची तारीफ हे तिचं वरचं कवच, आत दुसऱ्याचं लेकरू पणाला लावणाऱ्या सत्तेवरचा संताप.

आता आपल्या घरातलं पाहू. महाभारताच्या आदिपर्वात दोन नेम शेजारी शेजारी येतात. एक अर्जुनाचा: झाडावर ठेवलेला कृत्रिम पक्षी आणि त्याचं मस्तक. द्रोणांनी परीक्षेसाठी जिवंत पाखरू बांधलं नाही, हे मला नेहमी शहाणपणाचं वाटत आलं आहे. दुसरा नेम निषादपुत्र एकलव्याचा. पांडवांचा कुत्रा त्याच्यावर भुंकतो आणि तोंड मिटायच्या आत त्यात सात बाण जातात. आपल्या लहान मुलांच्या पुस्तकांतून ‘कुत्र्याला जराही इजा झाली नाही’ असं हमखास छापतात. मूळ कथेत त्या कुत्र्याची विचारपूस कुणी करत नाही. तो तोंडात बाण घेऊन पांडवांकडे परत येतो आणि सगळे बाण सोडणाऱ्याच्या हातचलाखीवर थक्क होतात. पुढं अंगठा जातो, आणि व्यास जाता जाता सांगतात, की राहिलेल्या बोटांनी तो बाण सोडू लागला पण पहिली चपळाई उरली नाही. चमत्काराचं मोल इथं चमत्कार करणाऱ्याच्या हातानं भरलं गेलं.

पण आपल्या महाकाव्यांचा मोठेपणा असा, की त्यांनी चुकलेल्या बाणांचा हिशेबही तितकाच नीट ठेवला. शब्दवेधी बाणाची विद्या ज्याला येत होती तो दशरथ अंधारात पाण्याचा आवाज ऐकतो, हत्ती समजून बाण सोडतो आणि पाणी भरायला आलेला श्रावण पडतो. पंडू हरिणाच्या जोडीवर बाण टाकतो. ते हरीण म्हणजे रूप पालटलेला ऋषी असतो. मौसलपर्वात जरा नावाचा व्याध जमिनीवर पहुडलेल्या श्रीकृष्णाला हरीण समजतो. तिघांचाही नेम अचूक होता. लागायला हवा तिथंच बाण लागला, फक्त समोर कोण आहे हे तिघांनी पाहिलं नव्हतं. आणि या तीन बाणांनी किती उलथापालथ केली ते आठव. एकातून रामाचा वनवास आणि दशरथाचा पुत्रशोक, दुसऱ्यातून पांडवांचा जन्मच नियोगाच्या वाटेनं, तिसऱ्यानं अवतारसमाप्ती. ज्यांनी हे रचलं त्यांना ठाऊक होतं, की धनुष्याच्या गोष्टीत एका डोळ्यानं नेम दिसतो आणि दुसऱ्या डोळ्यानं माणूस दिसावा लागतो.

नंतरच्या लोकप्रिय गोष्टींनी तो दुसरा डोळा मिटून घेतला. पृथ्वीराज चौहानाची रासोतली कथा घे. आंधळा केलेला राजा, शेजारी चंद बरदाई, आवाजाच्या रोखानं सुटलेला बाण आणि सिंहासनावरून कोसळणारा घोरी. इतिहास सांगतो की तराईची दुसरी लढाई ११९२ सालची आणि त्यात हरलेला पृथ्वीराज लवकरच मारला गेला. महंमद घोरी त्यानंतर बराच काळ जगला आणि १२०६ साली दुसऱ्याच लोकांच्या हातून मेला. पण हरलेल्या माणसांना अशा गोष्टीची गरज असते, म्हणून ती टिकली. तिथं मला तक्रार नाही.

तक्रार आहे ती फुकटच्या नेमाबद्दल. शेरलॉक होम्स एका गोष्टीत आरामखुर्चीत बसून दिवाणखान्याच्या भिंतीवर गोळ्यांनी राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं काढतो. वॉटसन कुरकुरतो तो खोलीच्या अवकळेबद्दल. भिंतीपलीकडे कोण झोपलं असेल, हे कुणीच विचारत नाही. आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, पुढं गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज, ही पुस्तकं वाचनालयात कधी जागेवर नसत. कायम कुणाच्या तरी उशाखाली. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ तर गुंडाच्या हातातलं पिस्तूल नेमकं उडवायचा आणि हाताला खरचटतही नसे. आम्ही ते मिटक्या मारत वाचलं आणि मीही ते तुझ्यापासून लपवून ठेवणार नाही. पण धावत्या माणसाच्या हातातली वीतभर वस्तू नेमकी टिपता येईल, यावर जगातला कुठलाही पोलीस भरवसा ठेवत नाही. ‘शोले’त वीरू बसंतीला पिस्तूल चालवायला शिकवतो ते आंब्यांवर, तो प्रसंग गोड आहे, कारण तिथं फांदीवर आंबाच आहे. त्याच रमेश सिप्पींच्या १९८० सालच्या ‘शान’मध्ये शत्रुघ्न सिन्हाचा सर्कशीतला नेमबाज येतो. त्याची बायको ओलीस धरून त्याला माणसावर गोळी झाडायला लावतात, आणि तो मुद्दाम नेम चुकवतो. म्हणजे गेस्लर पुन्हा आला, फक्त यावेळी नायकाचं मोठेपण न लागलेल्या गोळीत आहे. क्लृप्ती जुनी असली तरी तिला असा पीळ देता येतो, हे मास्तरांना सांग.

आता थोडं गणित करू, कारण तू विज्ञान शाखेची आहेस. तुझ्या रामाचं अंतर चाळीस पावलं. आपण चाळीस मीटर धरू. बांबूच्या चांगल्या कामठ्यातून बाण सेकंदाला पन्नासेक मीटर वेगानं निघाला असं मानलं, तर तो पारूपर्यंत पोचायला ०.८ सेकंद घेईल. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला तीन मीटरहून अधिक खाली ओढेल. म्हणजे रामाला कैरीवर नेम धरताच येणार नाही. त्याला बाण रोखावा लागेल तो पारूच्या डोक्याच्या पुरुषभराहून उंच, मागच्या झाडाच्या फांदीकडे. आता समज, भीतीनं त्याचा हात जरा कचरला आणि वेग पाचच टक्के कमी पडला. हवेचा अडथळा हिशेबात न घेताही बाण चौतीस सेंटिमीटर खाली येतो. कैरीच्या दीड वीत खाली काय असतं, ते मी सांगायला नको. शिवाय ०.८ सेकंद म्हणजे पारूला शिंक यायला, डोळ्यांवर माशी बसायला, मान वळायला भरपूर वेळ. रामानं सगळं अचूक केलं तरी निम्मं यश तिच्या मानेत आहे. तू श्वास रोखायला लावलास तो रामाला; खरा श्वास तिनं रोखला होता.

‘पण खेळाडू मारतातच की’, असं तू म्हणशील. मारतात. नागपूरच्या ओजस देवतळेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या अंतिम सामन्यात पंधरा बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. पन्नास मीटरवरून, आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटर व्यासाचं. म्हणजे मध्यम आकाराचं सफरचंदच म्हण. त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तुझ्याच वयाची. त्यांच्या धनुष्याला कप्प्या असतात, नेम धरायला भिंग असतं, धनुष्य कललं तर दाखवणारा पाण्याचा बुडबुडा असतो, दोरी बोटांऐवजी कळीनं सुटते. एवढं असून मैदानाचा नियम काय? शिट्टी दोनदा वाजली की रेषेवर यायचं, एकदा वाजली की बाण सोडायचे, तीनदा वाजली की मगच सगळ्यांनी मिळून बाण काढायला पुढं जायचं. कुणी रेषेच्या पुढं दिसलं तर शिट्टी वाजतच राहते आणि चढवलेला बाण उतरवावा लागतो. जगातला सर्वांत अचूक तिरंदाज आपल्या समोर माणूस असेल तर धनुष्य खाली ठेवतो. त्याला नेमाची खात्री नसते म्हणून ही सक्ती नाही. नेम हाताचा असतो, आणि जीव दुसऱ्याचा.

मग सर्कशीत काय चालतं? आपल्या मराठी मुलखाचा या धंद्याशी जुना संबंध आहे. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा खेळ लावला आणि पुढं सांगली-मिरजेकडून कितीतरी सर्कशी निघाल्या. धुळ्या-जळगावात तंबू लागला की सुऱ्या फेकणाऱ्याचा खेळ मी हटकून पाहायचो. तंबूबाहेर चहाच्या टपरीवर एका सुरीवाल्यानं मला आपला हिशेब सांगितला होता. सुरी हवेत गरगरत जाते. तिचं टोक पुढं यावं यासाठी फळीपासूनची पावलं ठरलेली असतात, एक पाऊलही इकडे तिकडे नाही. तो माणसावर नेम धरत नाही. त्याचे डोळे फळीवरच्या ठरलेल्या जागांवर असतात, आणि माणूस त्या जागांच्या मधे येऊन उभा राहतो. ‘मेरा काम आसान है, काम उसका है,’ असं त्यानं बायकोकडे बोट दाखवून म्हटलं. ती समोरच बसून चहा पीत होती. ‘हा सकाळी माझ्याशी भांडला असेल तर मी उभी राहत नाही, मालकानं काही म्हटलं तरी,’ असं ती म्हणाली. हे वाक्य मी कुठल्याही साहसकथेत वाचलेलं नाही, आणि सगळ्या साहसकथांत ते असायला हवं.

अमेरिकेत अ‍ॅनी ओकली नावाची बाई होऊन गेली, १८६० ते १९२६. बफेलो बिलच्या खेळात ती नवरा फ्रँक बटलरच्या हातातलं नाणं उडवायची, पत्ता कडेवरून चिरायची. तिचे निम्मे चमत्कार त्या नवऱ्याचे होते. तो स्वतः नामांकित नेमबाज होता आणि तिच्याकडून शर्यतीत हरल्यावर तिच्याशी लग्न करून तिच्यासमोर उभा राहू लागला. त्या खेळांतल्या काडतुसांत बहुधा बारीक छर्रे भरलेले असत, कारण अखंड गोळी समोरच्या प्रेक्षकांत गेली असती. तिनं डेव्ह नावाच्या आपल्या कुत्र्याच्या डोक्यावरचं सफरचंदही उडवलं. फ्रँकनं विचार करून होकार दिला होता. डेव्हला कुणी विचारलं नसणार, एकलव्याच्या त्या कुत्र्यासारखंच.

होकार, हिशेब आणि सराव यांतलं काहीच नसलं की काय होतं, तेही सांगतो. ६ सप्टेंबर १९५१ रोजी मेक्सिको शहरात विल्यम बरोज हा अमेरिकन लेखक मित्रांच्या बैठकीत दारू पिऊन बसला होता. बायको जोन व्होल्मरला तो म्हणाला, आता आपला विल्यम टेलचा खेळ होऊन जाऊ दे. तिनं डोक्यावर पेला ठेवला. गोळी कपाळात गेली. पुढं त्यानं या घटनेची हकीकत वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली, पण बाई परत आली नाही. बरोज अडाणी नव्हता. गोष्ट त्याच्या डोक्यात होती आणि गोष्टीत मुलगा नेहमी वाचतो. २०१७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका तरुण जोडप्यानं यूट्यूबसाठी असाच खेळ केला. छातीशी जाडजूड पुस्तक धरलं तर गोळी अडेल, असा मुलाचा भरवसा होता. गोळी अडली नाही. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्या शूरांची संख्या इतकी झाली, की २०१९ साली शस्त्र कायद्यात खास दुरुस्ती करावी लागली. अशा उत्सवी गोळीबाराला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी हवेत राहत नाही, एवढी साधी गोष्ट सांगायला कायदा लागला.

आता तुझ्या धरणगावकडे येतो. जागा तू अगदी नेमकी निवडलीस. १८२५ साली खानदेश भिल्ल पलटण उभी राहिली आणि तिचा पहिला तळ धरणगावलाच होता. उभी करणारा जेम्स आऊट्रम तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. आधी त्यानं सातपुड्यात भिल्लांवर चढाई केली, आणि मग पकडलेल्यांतूनच आपले पहिले शिपाई निवडले. त्यांच्या हाती शस्त्रं दिली, त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांना घेऊन शिकारी केल्या. त्याच्या इंग्रजी चरित्रात एक हकीकत येते. वाघ अडचणीच्या जागी दडलेला. पोचायला वाट नाही. तेव्हा भिल्लांनी आपली पागोटी एकमेकांना बांधली, साहेबाला त्यांच्या आधारानं लोंबकळत सोडलं, आणि तशा अधांतरी अवस्थेत त्यानं वाघावर गोळी झाडली. चरित्र साहेबाचं असल्यानं ही गोष्ट साहेबाच्या धाडसाची होते. मला तिच्यात पागोटी धरून ठेवणारे हात दिसतात. कालपर्यंत ज्यांच्या वस्त्यांवर त्यानं हल्ले केले त्यांच्या हातात त्याचा जीव होता, आणि त्यांनी तो सोडला नाही. टेलच्या गोष्टीची ही आपल्या मातीतली उलटी बाजू: इथं साहेबच कैरीच्या जागी आहे.

म्हणून तुझा माजोरी साहेब मला जरा आयात केलेला वाटतो. धरणगावचा खरा साहेब याहून गुंतागुंतीचा होता. त्यानं सत्ता मिळवली ती विश्वास देऊन आणि विश्वास घेऊन, आणि ती सत्ता शेवटी कंपनी सरकारचीच होती. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक त्याच सरकारच्या चाकरीतला होता. पुढं तो उठला, भीमा नाईक उठला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली. खडकांच्या आडून तीर-कामठ्यांनी आणि तोड्याच्या बंदुकांनी लढलेल्या त्या माणसांपैकी पकडलेल्या कित्येकांना नंतर गोळ्या घातल्या गेल्या. तिथं कुणाच्या डोक्यावर फळ ठेवलेलं नव्हतं.

आणखी एक. आपल्या गोष्टींतून भिल्ल आला की तो नेम मारायलाच येतो. तो तमाशाच्या फडातल्या सोंगाड्यासारखा ठरलेल्या वेळी येतो, एक करामत करतो आणि जातो. तुझ्या रामालाही तू नेम सोडून काही दिलेलं नाहीस. तो काय खातो, कुणाचं देणं लागतो, कुणावर चिडतो? तीर-कामठा त्याच्या घरात का आहे? बांबूचा कामठा, त्याला दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची, हे त्या घरांत राखणीचं आणि पोटाचं साधन होतं. भिल्ल अंगठा न लावता बोटांनीच दोरी ओढतात आणि तो एकलव्याचा मान, असं आपल्याकडे अभिमानानं सांगतात. तुला ते वापरायचं असेल तर जरूर वापर. पण एवढं ध्यानात ठेव, की आजचे ऑलिंपिकचे धनुर्धरही अंगठा न लावता तीन बोटांनीच दोरी ओढतात. अंगठ्यात कडं घालून ओढायची रीत मध्य आशियातल्या घोडेस्वारांची. तेव्हा आपल्या आख्यायिकेतलं खरं दुःख बोटांच्या रचनेत शोधू नकोस. ज्यानं विद्या दिली नाही त्यानं दक्षिणा मागितली, ते दुःख आहे.

मग गोष्टीचं काय करायचं? फाडू नकोस. कैरी राहू दे, साहेब राहू दे, चाळीस पावलंही राहू देत. फक्त सगळा प्रसंग पारूच्या जागेवरून लिही. तिला समोर काय दिसतं? भाऊ बाण रोखतो तो तिच्या कितीतरी वर, हे पाहून तिला वाटतं का की याचा हात बिघडला? की ती लहानपणापासून त्याच्याबरोबर रानात हिंडली आहे आणि बाण वर धरला म्हणजेच खाली लागतो हे तिला कळतं? कैरीचा चीक कपाळावर ओघळतो का? आणि साहेबानं पैज लावली तेव्हा रामा तिच्याकडे वळून काही विचारतो का? तुझ्या खर्ड्यात तो साहेबाकडे पाहतो, आभाळाकडे पाहतो, कैरीकडे पाहतो. बहिणीकडे एकदाही पाहत नाही.

त्या सुरीवाल्याच्या बायकोचं वाक्य मी तुला दिलंच आहे, ते उसनं घे. पारूला नाही म्हणता येतं, हे आधी वाचकाला दिसू दे. कदाचित ती म्हणेल, माझ्याऐवजी साहेबाच्या डोक्यावर ठेवा कैरी, मग बघू त्याला किती हौस आहे. कदाचित म्हणेल, मार, पण मी सांगेन तेव्हा. यातलं काहीही झालं तरी मास्तरांना समासात दुसरा शेरा लिहावा लागेल. जळगावच्या व. वा. वाचनालयात खानदेशाचं गॅझेटिअर मिळालं तर धरणगाव आणि भिल्ल पलटण यांवरची पानं आधी वाच, मग लिहायला बस. आखाजीला तू येशील तेव्हा दुसरा खर्डा बरोबर आण. यावेळी आजीआधी मी वाचणार.

तुझा,
नाना आजोबा

ता. क. : तुझ्या धाकट्या भावानं जत्रेतून छऱ्यांची बंदूक आणली आहे आणि मित्राच्या डोक्यावर बाटली ठेवून मोबाइलवर चित्रण करायचा त्याचा बेत आहे, असं तूच हसत हसत लिहिलंस. जत्रेतल्या फुगेवाल्याच्या फळीसमोर कुणी उभं राहत नाही, हे त्याला दाखवून दे, आणि बंदूक तुझ्या आईच्या कपाटात जाऊ दे. छरा डोळ्यात गेला तर डोळा जातो. हे काम गोष्टीच्या आधी कर.